द्वारकाच्या नावानं

टाळेबंदीत सगळे म्हणायचे की शाळा बंद झाली. आमच्या घरापुरतं ते खरं नव्हतं. शाळा उठून आमच्या मधल्या खोलीत येऊन बसली, तिनं दार लोटून घेतलं आणि मी दाराच्या अलीकडं राहिले. जिंतूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमच्या एका रांगेत तीन खोल्या होत्या. रस्त्याकडची बाहेरची, मग मधली, मग स्वयंपाकघर. मधल्या खोलीत आई फोनवर असली की मला पाणी प्यायलाही घराबाहेर पडून, बाजूच्या बोळातून, मागच्या दारानं स्वयंपाकघरात जावं लागे. त्या बोळाच्या भिंतीचा प्रत्येक पोपडा मला पाठ झाला होता, कारण मधल्या खोलीची खिडकी तिकडं उघडायची आणि तिच्याखाली उभं राहिलं की आईचा आवाज ऐकू यायचा. एरवी स्टँडवरच्या कर्ण्यातून दिवसभर गाड्यांची नावं पुकारली जायची, परभणी, सेलू, औंढा, आणि आम्ही त्यावरच घड्याळ न बघता वेळ ओळखायचो. गाड्या थांबल्या तसा तो कर्णाही थांबला. फलाटांवर कबुतरं उतरून चालायला लागली. त्या शांततेत आईचा आवाज तेवढा राहिला, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

आई ज्या शाळेत शिकवायची त्याच शाळेत मी शिकायचे. येलदरीच्या रस्त्याला, गावाबाहेर, पत्र्याचं छप्पर आणि चारी बाजूंनी मोकळी जागा. घंटा नव्हती, गणवेश नव्हता, पहिला-दुसरा नंबर नव्हता. सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं, ज्याला जे सांगायचं ते सांगायचं, आणि त्यातूनच दिवसाचा अभ्यास निघायचा. कुणी म्हणालं की आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, की त्या दिवशी आम्ही दोर आणि दगड घेऊन विहिरी मोजत हिंडायचो. लोक विचारायचे, ही शाळा हाय का सहल? शिक्षकांना आम्ही ताई-दादा म्हणायचो. आई शाळेत सुनंदाताई होती, मलासुद्धा. फाटकाच्या आत ताई, फाटकाच्या बाहेर आई, असं आमच्यात ठरलेलं होतं, आणि रोज संध्याकाळी गाडीवर तिच्या मागं बसताना दिवसातली पहिली "आई" म्हणायला मला फार आवडायचं. आता फाटकच राहिलं नाही. सकाळी उठल्यापासून ती ताईच असायची.

शाळा घरी आणायची कशी, याची बैठक आमच्याच ओट्यावर झाली होती. चार शिक्षक, चार कोपऱ्यांत, तोंडाला रुमाल. प्रकाशदादा सगळ्यांत तरुण होते. ते म्हणाले, "बाकीच्या शाळांनी व्हिडिओवर वर्ग सुरू केलेत, आपणही करू." आईनं नुसती यादी वाचायला सुरुवात केली. कुणाच्या घरी फोन आहे, कुणाच्या घरी आहे पण बाप रानात घेऊन जातो, कुणाच्या गावात झाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. यादी संपेपर्यंत प्रकाशदादांनी व्हिडिओचा विषय सोडून दिला होता. मग ठरलं ते असं की धडे पाठवायचे नाहीत. प्रत्येक मुलाला रोज एक फोन करायचा, शेजाऱ्याच्या नाहीतर दुकानदाराच्या फोनवर का होईना, आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं. शाळेतला गोल जसा, तसाच, फक्त एकेकाचा. त्यातून काम द्यायचं. दुपारी बारा वाजता अंगणात काठी रोवून सावली मोज. आजोबांना विचारून धान्याच्या मापांची जुनी नावं लिही. घरातल्या सगळ्यांच्या हातांचे ठसे घे आणि कुणाचा हात कशानं झिजलाय ते विचार. जिंतूरपासून बोरीपर्यंतच्या कितीतरी गावांतून रोज सावल्यांचे आकडे यायचे आणि आई ते मोठ्या कागदावर मांडून, त्याचा फोटो काढून, ज्यांच्याकडं पोचेल त्यांना पाठवायची. तसा अभ्यास नंतर मी कुठल्याच कॉलेजात पाहिला नाही. हे आज मी अभिमानानं लिहिते. तेव्हा मात्र मला त्या कागदाचा राग यायचा.

कारण त्या यादीत माझं नाव नव्हतं. "तू तर घरातच आहेस," आई म्हणाली होती, आणि त्यावर काय बोलायचं? आईच्या वाट्याला एकोणतीस मुलं होती. ती पहाटे उठून दिवसभराचा स्वयंपाक एकदमच करून ठेवायची. सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला, दुपारला भाकरी आणि घट्ट पिठलं, संध्याकाळी तेच पिठलं पाणी घालून गरम केलेलं. सुशीला गरम खाल्ली तरच तिला चव. ताटाखाली झाकून ठेवली की मुरमुरे मऊ पडून तिचा गोळा होतो. मी तो गोळा ओट्यावर बसून, कबुतरांकडं बघत खायचे. बाराला काठी रोवून सावली मोजायचे. एकदा दोन फोनांच्या मधे दार उघडलं तेव्हा म्हणाले, "आई, माझी पण सावली मोजून झाली." ती चष्मा डोक्यावर ढकलून कागदात काहीतरी शोधत होती. "वहीत लिहून ठेव हं," ती म्हणाली आणि पुढचा नंबर फिरवला. मग खिडकीखाली उभी राहून मी ऐकलं की कुणाला तरी तीच म्हणत होती, "सावली कालपेक्षा कमी का भरली असेल, तुला काय वाटतं? सांग की, मला घाई नाही."

बाबा मालगाडीवर गार्ड होते, पूर्णेला राहायचे. माणसांच्या गाड्या थांबल्या होत्या, मालाच्या नव्हत्या. घरी आजार नको म्हणून ते येत नव्हते. एकदाच आले, परवानगीची चिठ्ठी घेऊन, मोटारसायकलवर, आणि गल्लीत उभे राहिले. पिशवी ओट्यावर ठेवून दहा पावलं मागं गेले.

"काय माय, जेवलीस का?"

"हो."

"आई?"

"बोलायलीय."

त्यांनी मान हलवली. मधल्या खोलीतून आईचा आवाज येत होता तो थोडा वेळ त्यांनीही माझ्यासारखाच ऐकला. मग म्हणाले, "पिशवीत खाली एक फोन हाय. माझा जुनाच, सिम नवं टाकलंय. तुझ्यासाठी. आईला आत्ताच सांगू नको. ती लगेच एखाद्या लेकराला देऊन टाकील. त्यात वाईट काही नाही गं, पण हा तुला असू दे. मी लावत जाईन." ते लावायचेही, गाडी कुठंतरी सिग्नलला उभी असली की. मागं वाऱ्याचा आवाज असायचा. "एकटाच हाय डब्यात," ते म्हणायचे, "तू काय करायलीस?" मी म्हणायचे, काही नाही. मग सिग्नल मिळेपर्यंत मी तो वारा ऐकत राहायचे.

आता द्वारकाबद्दल सांगायला हवं. ती शाळेत गोलात माझ्या शेजारी बसायची. चारठाण्याकडच्या एका वस्तीवर आजीजवळ राहायची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि शाळेनं मागं लागून तिला आजीपाशी ठेवायला लावलं होतं. बारीक अंगाची, मोठ्या तोंडाची मुलगी. ती बोलायला लागली की गोल पुढं सरकायचाच नाही. कोंबडीनं अंडं कुठं लपवलं एवढंसं सांगायलाही ती सगळ्यांना रडेपर्यंत हसवायची, आणि सगळ्यांत जास्त आई हसायची. तशी आई घरी हसत नसे. मला द्वारका आवडायची, आणि आई तिच्याकडं बघून हसली की आवडायची नाही. त्या वर्षी द्वारकाच्या आईला बाळ झालं, आणि ते सांभाळायला म्हणून ते तिला बरोबर घेऊन गेले. पुढं सगळं बंद झालं. वडिलांचा नंबर लागेना. वस्तीवरचे इतर लोक परत आले, हे आले नाहीत. आई रोज सगळ्यांत आधी तो बंद नंबर फिरवायची, मग बाकीचे. कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या यादीत द्वारकाच्या नावाभोवती तिनं लाल पेनानं गोल केला होता.

मी जे केलं ते ठरवून केलं नाही. दुपारची वेळ होती, आई कुणाला तरी सांगत होती की तुझा आवाज ऐकला की माझा दिवस चांगला जातो. मी बोळात उभी होते आणि फोन हातात होता. मी लिहिलं, "ताई, मी द्वारका." आणि पाठवून दिलं.

खिडकीच्या आत आई बोलता बोलता थांबली. फोन ठेवल्याचा आवाज आला. मग मधल्या खोलीचं दार उघडलं आणि ती "ऋतू, अगं ऋतू" करत बाहेरच्या खोलीत आली. मी धावत वळसा घालून आत शिरले. तिनं मला दोन्ही हातांनी धरून घट्ट जवळ घेतलं. "द्वारका सापडली गं," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिनं मला जवळ घेतलं होतं. तिच्या साडीला फोडणीचा वास येत होता. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला तिनं सोडू नये एवढंच वाटत होतं.

मग अकरा दिवस मी द्वारका होते. फोन आम्ही राहतो तिथल्या मालकीणबाईंचा आहे, बोलू देत नाहीत, लिहू देतात, असं मी सांगितलं होतं, आणि आईनं ते मानलं. रोज तीन वाजता ती मधल्या खोलीत बसून लिहायची आणि मी बोळात. मी लिहायचे की आम्ही नदीकाठी राहतो, मालकीणबाई वाचायला पुस्तकं देतात, मोठं आंब्याचं झाड आहे, बाळ माझ्या अंगावरच झोपतं. आई विचारायची, नदी कुठल्या दिशेला वाहते, बाळाला काय काय कळतं, आणि मी विचार करून उत्तरं द्यायचे. इतकं लक्ष देऊन मला कुणी काही विचारलं नव्हतं. गावाचं नाव विचारलं की मी लिहायचे, मला वाचता येईल अशी पाटीच नाही इथं. एकदा धीर करून लिहिलं, "ताई, ऋतू कशी आहे?" बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं. "ऋतू बरी आहे. फार शहाणी झाली आहे. काही मागत नाही, कशाला अडत नाही. तिनं माझ्याशी भांडावं असं मला कधीकधी वाटतं. दिवसभर बोलून घसा इतका सुकतो की तिच्याजवळ बसले तरी शब्द येत नाहीत. तू हे तिला सांगू नकोस."

मी लिहिलं, "नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीखाली उभी होते. साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणारी एक बाई होती, आईनं तिला द्वारकाचा शोध घ्यायला सांगितलं होतं. तिचा फोन होता. एका गोदामात आपल्या भागातली पाच-सहा कुटुंबं अडकलीत, उद्या जाऊन बघते, असं ती म्हणत असावी, कारण आई म्हणाली, "नको नको, एवढ्या लांब कशाला जाता. आमची द्वारका मिळाली. तुम्ही बाकीच्या लेकरांचं बघा." मी बोळात खाली बसले. मला उठून आत जायचं होतं. गेले नाही. त्या दिवशी तीन वाजता मी काही लिहिलंच नाही, आणि आईनं चार वेळा विचारलं, "द्वारका, बरी आहेस ना?"

त्यानंतर दोन दिवसांनी द्वारकाची आजी आली. वस्तीवरून चालत. कुणीतरी तिला सांगितलं होतं की पोरगी बाईंशी बोलती. पदर तोंडाला लावून ती ओट्याच्या पायरीवर बसली, आईनं पाणी दिलं ते तिनं आधी पायांवर ओतलं आणि मग प्यायली. मी बाहेरच्या खोलीत दारामागं होते. आई तिला एकेक मेसेज वाचून दाखवत होती. नदी, आंबा, पुस्तकं. आजी प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती. सगळं संपल्यावर म्हणाली, "माझं काई इचारलं न्हाई व्हय तिनं?"

आई फोनवर मागं मागं शोधत गेली. "विचारलं असेल, मी... विचारते मी तिला."

"तसं न्हाई. आमी दोघी एका गोधडीत निजायचो, बाई. ती मला इचारल्याबिगर ऱ्हायची न्हाई." मग म्हणाली, "फोनच लाव तू. मालकीण रागावली तर रागावू दे. मी बोलते तिच्यासंगं."

आईनं नंबर लावला. माझ्या दप्तरात, वह्यांच्या मधे, फोन थरथरायला लागला. आवाज मी बंद ठेवत असे. बाहेर काहीच ऐकू गेलं नसतं. बटण दाबून बंद केला असता तर आई म्हणाली असती, लागत नाही, आणि आजी उठून चालायला लागली असती. हे सगळं मला दिसत होतं. मी फोन बाहेर काढला आणि तसाच थरथरता हातात घेऊन ओट्यावर गेले.

आईनं आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग स्वतःच्या कानाजवळच्या फोनकडं. तिनं तो खाली घेतला आणि बंद केला. माझ्या हातातला थांबला.

"मीच लिहीत होते," मी म्हणाले.

आजीला समजायला वेळ लागला. ती माझ्याकडं बघत राहिली, रागानं नाही. मग तिनं आईला विचारलं, "मंग माही पोर कुठं हाय?"

इतक्या वर्षांत पुष्कळ लोक मला पुष्कळ काही बोललेत, काही जण वर्मी लागेल असं. त्या प्रश्नासारखं कुणाचं लागलं नाही.

आईनं तिथंच, आजीसमोर, गोदामाबद्दल सांगणाऱ्या त्या बाईला फोन लावला. ती त्याच सकाळी गोदामात जाऊन आली होती, दुसऱ्या कामासाठी. ते रिकामं होतं. तिथल्या कुटुंबांना कुणी मुकादम आदल्या दिवशी टेम्पोत घालून वीटभट्टीच्या कामाला घेऊन गेला होता, कुठं ते माहीत नव्हतं. त्यांच्यात द्वारका होती का, तेही. आजी उठली. आईनं जेवून जा म्हटलं, तिनं नको म्हटलं. आईनं गाडी काढली आणि तिला वस्तीवर सोडून आली, त्या दिवसाचे सगळे फोन तसेच ठेवून.

परत आल्यावर ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं मारेल. तिनं कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. "मला हाक मारायची होतीस," ती म्हणाली.

"मारत होते."

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ऋतूबद्दल जे लिहिलं, ते मी द्वारकाला लिहिलं होतं. तुला म्हणायची माझी छाती झाली नव्हती." आम्ही दोघी बराच वेळ रडलो, पण वेगवेगळ्या भिंतींना टेकून. जवळ आलो नाही. तेवढ्यानं जवळ येण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढं एक वही ठेवली. तीत वस्तीवरून परतलेल्या लोकांकडून गोळा केलेले मुकादमांचे आणि ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर होते. "आता तू शोधायचं," ती म्हणाली. "बाबांनी दिलेल्या त्याच फोनवरून. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तू." मला अनोळखी माणसाशी दोन वाक्यं धड बोलता यायची नाहीत. पहिला फोन लावला. "नमस्कार, मी जिंतूरच्या शाळेतून बोलते," एवढं म्हणून मी थांबले आणि पलीकडच्यानं ठेवून दिला. आई म्हणाली, "पुन्हा." काही जण खेकसले, काहींनी थट्टा केली, एकानं मनापासून अर्धा तास आठवून आठवून आणखी तीन नंबर दिले. रोज सकाळी मी ते करायचे, आणि आई शेजारी बसून सावल्या मांडायची. एकविसाव्या दिवशी एका मुकादमाच्या बायकोनं फोन उचलला आणि सहज म्हणाली, "हाय की. लेकरू सांभाळती ती पोरगी. सांच्याला लावा, देते."

द्वारका त्या वर्षी आली नाही. बाळ चालायला लागल्यावर, दोन वर्षांनी आली, लहान मुलांत बसली, एक वर्ष शिकली, आणि पुढं परभणीला शिवणकामाला लागली. गोलात तिनं पुन्हा कधी कुणाला हसवलं नाही. ते तिथल्या दिवसांमुळं की माझ्या अकरा दिवसांमुळं, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "सगळं तुझ्यामुळंच कसं होईल गं?" तरी तो हिशेब माझ्याकडून सुटत नाही.

पण ती फोनवर सापडली त्या संध्याकाळचं सांगते. आई आधी बोलली, खूप वेळ. मग माझ्या हातात फोन देत म्हणाली, "तिला तूच सांग," आणि मधल्या खोलीतून निघून गेली. मी सगळं सांगितलं. न थांबता. पलीकडं भट्टीवर कुणीतरी हाका मारत होतं, कुत्रं भुंकत होतं. मग तेही ऐकू येईना. मला वाटलं तिनं ठेवून दिला.

"मंग मी काय करायले होते म्हणं तिथं?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"तू लिवलेल्या ठिकानी."

मी सांगितलं. नदी आहे. आंब्याचं झाड आहे. मालकीणबाई पुस्तकं देतात. ती ऐकत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"अजून?"

मी लिहिलं होतं ते तेवढंच होतं. मी म्हणाले, "झाडाला झोका आहे."

"दोरीचा का साखळीचा?"

"दोरीचा."

"आजीला पन आन तिथं," ती म्हणाली.

"आणली. ती झोक्याजवळ बसलीय."

"आन एक शेळी असू दे."

"पांढरी का काळी?"

ती विचार करायला लागली. तेवढ्यात तिच्याजवळ बाळ रडायला लागलं. "थांब," ती म्हणाली, "ठेवू नको," आणि फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज झाला. बाळाचं रडणं लांब गेलं. मधल्या खोलीत मी कानाला फोन लावून बसून राहिले.